‘स’ नीट येत नाही

खातं बंद झालं ते एका मंगळवारी, सकाळी अकराच्या चहाला. त्या वेळी त्याच्या डाव्या हातात कुणा निवृत्त मास्तरांची वरची कवळी होती, अजून कच्ची, मेणातच दात बसवलेली, आणि उजव्या हाताच्या करंगळीनं तो फोन उघडत होता, कारण बाकीच्या बोटांना मेण लागलं होतं. दिवसातून दोनदाच फोन बघायचा असा त्याचा नेम होता, अकराला आणि सहाला. हा नेम भाचीनं घालून दिलेला. सारखा ऑनलाइन दिसलास तर समोरची पळून जाईल, मामा, असं ती हसत हसत म्हणाली होती आणि त्यानं ते डॉक्टरच्या चिठ्ठीसारखं पाळलं होतं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, दातांच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं कवळ्या आणि कॅपा करणारा, नाकासमोर चालणारा म्हणतात तसा. डेटिंग ॲप हे शब्द त्याच्या तोंडून निघत नसत, तो ‘ते ओळखीचं ॲप’ म्हणायचा. तर ते ओळखीचं ॲप त्यानं उघडलं आणि तिथं रोजचं काहीच नव्हतं. पांढरा पडदा, आणि मधोमध एकच वाक्य: समोरच्या व्यक्तीच्या सुरक्षिततेला धोका पोहोचेल असं वर्तन आढळल्यामुळे तुमचं खातं कायमचं बंद करण्यात आलं आहे. त्यानं आधी मागं वळून बघितलं. कुणी चेष्टा केली म्हणावं तर मागं फक्त वस्ताद होते, लॅबचे मालक, ज्यांच्या हाताखाली तो शिकला ते, आणि ते भिंगातून एका दाढेकडे बघत बसले होते. वाक्य त्यानं पुन्हा वाचलं, मग चहा प्यायला, मग पुन्हा वाचलं. तोवर हातातलं मेण गार पडून गेलं होतं, आणि मास्तरांचे पुढचे दोन दात तिरके बसले ते त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

ॲप गेलं त्याचं त्याला काय! त्या ॲपवरच्या बाकीच्या बायकांनी त्याला विचारलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. गेली होती ती एकच. तिनं स्वतःचं नाव तिथं ‘बिनसाखर’ असं लिहिलं होतं, चहा तसा पिते म्हणून, आणि स्वभावही तसाच आहे असं पुढं कंसात. अर्धा चेहरा, एक कान, खांद्यावरची शाल, एवढाच तिचा फोटो. तीन महिने दोघं लिहीत होते. नंबर दिला नव्हता, नाव सांगितलं नव्हतं, घर कुठं ते नाही. अजून नको, मी सांगेन तेव्हा भेटू, असं ती म्हणाली होती आणि बरं म्हणताना त्याला खरंच बरं वाटलं होतं, कारण घाई त्यालाही झेपत नसे. तिच्या आधीच्या एका ओळखीबद्दल तिनं लिहिलं होतं की तो माणूस सहा महिने बोलला आणि एक दिवस गप्प झाला, मेला की काय तेही कळेना. न सांगता गप्प होणाऱ्यांचा मला फार राग येतो, असं तिचं वाक्य. त्यावर यानं शब्द दिला होता की मी जाईन तर सांगून जाईन. आणि आता तो न सांगताच गेला होता. त्याला बाहेर काढून दार लावून घेतलं होतं आणि दाराच्या आत ती एकटी बसून म्हणत असणार, हाही तसलाच निघाला. त्याचा जीव टांगणीला लागला तो ह्या एका गोष्टीवर. आपल्याबद्दल जगानं काय वाटेल ते समजावं, पण तिनं तेवढं समजू नये.

पहिला अर्ज त्यानं स्वतःच केला. मी असं काही केलेलं नाही, कृपया खातं सुरू करावं, आपला विश्वासू. चार मिनिटांत उत्तर आलं की अर्ज काळजीपूर्वक तपासला असून निर्णय कायम आहे. चार मिनिटांत काळजीपूर्वक! साधी एक दाढ घासायची तरी त्याला वीस मिनिटं लागत. मग रविवारी भाची आली, थोरल्या बहिणीची मुलगी, बँकेत नोकरीला, ह्या असल्या गोष्टींत पोहोचलेली. त्याची आई गेल्यापासून मामाच्या घरात फक्त भांड्यांचाच आवाज येतो असं तिचं मत होतं आणि हे ॲप तिनंच त्याच्या फोनमध्ये घातलं होतं. तिनं आपल्या दुसऱ्या नंबरवरून नवं खातं उघडून बघितलं. ॲपनं चेहरा दाखवा म्हटलं, यानं दाखवला, आणि ॲप म्हणालं की ह्या चेहऱ्याचं खातं आधीच बंद केलेलं आहे. मग त्यालाच सुचलं, भाची नको नको म्हणत असताना तो न्हाणीघरात गेला आणि बावीस वर्षांची मिशी काढून आला. भाची हसून हसून खाली बसली. ॲपनं पुन्हा चेहरा बघितला आणि पुन्हा तेच म्हणालं. सोमवारी वस्तादांनी त्याच्याकडे बराच वेळ बघून एवढंच विचारलं की घरात सगळं ठीक आहे ना. त्याला आरशात आपला वरचा ओठ परका वाटायचा, कुणाचा तरी उसना आणून चिकटवल्यासारखा, आणि बोलताना तो जरा जास्तच हलतो की काय अशी शंका यायची.

पुढचा मार्ग भाचीच्या डोक्यातून निघाला आणि तो इतका पटण्यासारखा होता की कुणालाही पटला असता. ती म्हणाली, मामा, तू तिला काय काय लिहायचास ते आठवून सांग. ह्याला सगळं पाठच होतं. गप्पा मारू या, असं तो लिहायचा. वेळ मिळाला की हाक मारा. आज कामाला दांडी मारावीशी वाटते. दुपारी जरा डुलकी मारली. त्या नदीकाठच्या रस्त्यावर एकदा दोघं चक्कर मारू. भाचीनं टाळी वाजवली. अरे, तू तिला तीन महिने नुसता मारतोयस! तिकडे कुठल्या तरी देशात एक यंत्र बसलंय, त्याला आपली भाषा येते अर्धीमुर्धी, त्यानं मारू मारू मोजलं आणि दिलं तुला हाकलून. दोघंही हसले. त्या हसण्यात त्याची छाती मोकळी झाली, आठ दिवसांत पहिल्यांदा. मग दोघांनी बसून दीड पानांचा अर्ज लिहिला. आमच्या भाषेत ‘मारणे’ हे क्रियापद फार प्रेमळ आहे, हे पहिलंच वाक्य भाचीचं. मिठी मारतात, उडी मारतात, शिट्टी मारतात, बाजारात फेरी मारतात, बढाया मारतात, आणि ह्यांतल्या कशानंही कुणाला इजा होत नाही. उदाहरणं एकोणीस झाली. लिहिता लिहिता भाचीनं ती मूळ नोटीस पुन्हा उघडली आणि जरा थांबली.

“मामा, इथं भाषा नाही लिहिलेलं. वर्तन लिहिलंय. तू आणखी काही केलं नाहीस ना?”

“मी काय करणार?” तो म्हणाला.

ती बरं म्हणाली आणि विसावं उदाहरण शोधू लागली. खरंच, तो काय करणार होता? मुंगी चिरडली तर हळहळणारा माणूस. हे त्यानं त्या वेळी मनात म्हटलंसुद्धा. पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच, आणि भाची जिना उतरून गेल्यावर तो खुर्चीत तसाच बसला. खोटं बोललो असं त्याला वाटत नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतंच काय, असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि मग, सांगण्यासारखं काही नसेल तर सांगितलं का नाही, असंही विचारलं.

होतं ते एवढंच. तिनं एकदा लिहिलं होतं, मी दिवसभर बोलते आणि समोरून कुणी उत्तर देत नाही. कोडं घातलंत होय, म्हणून तो दोन दिवस विचार करत राहिला आणि त्यानं ओळखलं की ती गाड्यांच्या घोषणा करते. बरोबर, म्हणाली ती, बसस्टँडवर, पण कुठल्या ते विचारू नका. त्यानं विचारलं नाही. शहरात स्टँड दोन. तो दोन्हीकडे जाऊन आला. पहिल्यावर एक बाई कपडे वाळत घालत असल्यासारखी गाड्यांची नावं घेत होती, ती नव्हे हे त्याला लगेच कळलं. दुसऱ्यावर त्यानं आवाज ऐकला आणि बाकावर बसूनच राहिला. फलाट क्रमांक सहावरून सुटणारी गाडी. असा कोरडा, सरळ, आणि शेवटी थोडासा खाली उतरणारा आवाज, हुबेहूब ती लिहायची तसा. त्याला केवढा आनंद झाला! घरी आल्यावर त्यानं तिला त्यातलं काही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा गेला तो असाच, येता येता. तिसऱ्यांदा मात्र मुद्दाम गेला, एका सोमवारी, अर्धी रजा टाकून, आणि त्या दिवशी त्याच्या कानानं एक गोष्ट पकडली. तिचा ‘स’ शिटी देत होता. सहा, सात, सुटणारी, साडेसात, प्रत्येक ‘स’मागं बारीकशी फट. सव्वीस वर्षांत असे ‘स’ त्यानं किती ऐकले असतील! नवी कवळी बसवली की डॉक्टर त्याला बोलावत, पेशंटला एकसष्टपासून सत्तरपर्यंत मोजायला सांगत आणि हा डोळे मिटून ऐकत असे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. कुठला दात केसभर बाहेर आहे, कुठं फट राहिली, हे आवाजावरून सांगणारा दुसरा माणूस त्या गावात नव्हता, वस्तादसुद्धा मान्य करत. आईची कवळी त्यानं अशीच सात वेळा घासली होती. सातव्या वेळी आई वैतागून म्हणाली होती, मी काय म्हणते ते ऐकत नाहीस, नुसता माझा ‘स’ ऐकत बसतोस. तेव्हा तो हसला होता. तर त्या सोमवारी स्टँडच्या बाकावर बसून त्यानं निदान केलं. वरचा पुढचा दात, कॅप असणार, आणि ती सैल झालीय. वेळेवर बघितली नाही तर एक दिवस जेवताना गिळली जाईल. सहा वाजता, आपल्या नेमाप्रमाणे, त्यानं फोन उघडला आणि लिहिलं: तुमची पुढच्या दाताची कॅप सैल झालीय, ‘स’ नीट येत नाही. दुर्लक्ष करू नका, लवकर दाखवून घ्या. आणि फोन बंद करून तो समाधानानं भाजी चिरायला बसला. कुणाची तरी काळजी घेतल्याचं समाधान, आई गेल्यापासून न मिळालेलं.

आता ह्या गोष्टीत वाईट काय? तो स्वतःशी हे इतक्या वेळा म्हणाला की म्हणण्याचीच भीती वाटू लागली. शेजारच्या माणसाला तुमच्या चपलेचा अंगठा तुटलाय हे सांगत नाही का आपण? पण मग रात्रशाळेतली ती मुलगी आठवू लागली. तेविसाव्या वर्षी तो रात्रशाळेत हिशेब शिकायला जायचा आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी एकदा छत्री विसरून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती छत्री घेऊन तो तिच्या दारात उभा. दार भावानं उघडलं. भावानं छत्री घेतली, त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, पत्ता कुणी दिला? कुणीच दिला नव्हता. दोन आठवड्यांपूर्वी तो तिच्या मागून चालत आला होता, अंधार होता म्हणून, ती नीट पोहोचते की नाही बघायला. ते त्यानं भावाला अगदी सरळपणे सांगितलं. भावानं दार लावून घेतलं. पुढच्या दिवसापासून ती मुलगी बाक बदलून भिंतीकडे बसू लागली आणि महिन्याभरानं यायचीच बंद झाली. ही हकीकत त्यानं गेली पंचवीस वर्षं चारचौघांत सांगितली होती, भलं करायला जावं तर लोक कसे वागतात ह्याचा नमुना म्हणून, आणि ऐकणारे माना डोलवायचे. मागून चालत आल्याचा भाग मात्र तो सांगताना गाळायचा. का गाळायचा? लाज वाटत नव्हती असं तो म्हणे, मग गाळायचा का? लॅबमध्ये यंत्राचं चाक फिरत असताना, कवळीच्या हिरड्यांची गुलाबी भुकटी नाकात जात असताना, हा प्रश्न त्याला अचानक चावायचा आणि हातातली दाढ जास्त घासली जायची. आठवड्यात तिसरी दाढ फुकट गेली तेव्हा वस्ताद पहिल्यांदाच रागावले. नजर गेली असेल तर सांग, म्हणाले, लपवू नकोस. तो म्हणाला, नजर ठीक आहे.

चौथ्या आठवड्यात तो पुन्हा स्टँडवर गेला. न जाण्याचा निश्चय केला होता, कानाला खडा लावला होता, पण उत्तर येत नव्हतं, अर्ज कुठं पडला होता कोण जाणे, आणि ती तिकडे त्याला नावं ठेवत असेल ह्या विचारानं त्याला जेवण जाईना. नुसतं ऐकून येऊ, म्हणाला, ती आहे ना एवढं कळलं तरी पुरे. दुपारची वेळ होती, गर्दी कमी. बाकावर बसून त्यानं डोळे मिटले. फलाट क्रमांक सातवरून सुटणारी गाडी साडेतीन वाजता सुटेल. ‘स’ स्वच्छ होता. फट नाही, शिटी नाही. त्याचे डोळेच भरून आले. तिनं त्याचं ऐकलं होतं, दात दाखवून घेतला होता! हे तिचं उत्तर आहे, दुसरं काय असणार. त्याला लिहिता येत नाही आणि तिला कळवता येत नाही, म्हणून ती सबंध स्टँडवर त्याला सांगतेय की मी रागावलेली नाही. त्या दुपारी तो घरी पायी आला, शीळ घालत. वाटेत घोषणेच्या खोलीचं दार दिसलं होतं, अर्धं उघडं, आणि दारासमोर खाकी कपड्यातला एक रखवालदार स्टुलावर बसलेला. हा मागच्या वेळी इथं नव्हता, एवढं त्याच्या मनात आलं आणि विसरलं गेलं.

पाच आठवडे झाल्यावर एका शनिवारी दुपारी तीन वाजता, कपडे घडी करत असताना, मदत कक्षाचं पत्र आलं. ह्या वेळी कुणी माणसानं लिहिलेलं असावं. तुमचं सविस्तर स्पष्टीकरण वाचलं. आमच्या भाषातज्ज्ञांनी सदर क्रियापदाचे अर्थ तपासले असून तुमच्या संदेशांत धमकी आढळली नाही. झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. तुमचं खातं आणि सर्व जुनी संभाषणं पूर्ववत करण्यात आली असून तुमच्या ओळखीच्या व्यक्तींना तुम्ही परत आल्याचं आता दिसेल. त्यानं भाचीला फोन लावला. ती ओरडलीच आनंदानं, म्हणाली आधी तिला लिही, मग मला सांग, आणि हो, मिशी ठेव पुन्हा. त्यानं फोन ठेवला, हात पुसले, काही लागलेलं नसताना पुसले, आणि ॲप उघडलं. ‘बिनसाखर’ होती. अर्धा चेहरा, कान, शाल. नावापुढं सात असा आकडा. सात न वाचलेले संदेश, पाच आठवड्यांपूर्वीचे, त्याच सोमवारी संध्याकाळपासूनचे. तो भाजी चिरायला बसला तेव्हापासूनचे.

तुम्हाला कसं कळलं, हा पहिला. मी कॅपबद्दल कधी काही बोललेले नाही, हा पाच मिनिटांनी. मग अर्ध्या तासानं: तुम्ही स्टँडवर आला होतात का? मग: किती वेळा? मग: मी तुम्हाला विचारू नका म्हटलं होतं. रात्री उशिराचा एक: माझ्या घोषणेच्या खोलीला कडी नाही, आज पहिल्यांदा लक्षात आलं. आणि मंगळवारी सकाळी नऊला, त्याच्या अकराच्या चहाच्या दोन तास आधी, शेवटचा: काल घरी जाताना मी प्रत्येक माणसाकडे बघत गेले. तुमचा फोटो दहादा बघितला. मिशीवरून तुम्हाला ओळखू शकेन असं वाटतं, आज तेवढाच आधार आहे.

त्यानं वरच्या ओठाला हात लावला. ओठ गुळगुळीत होता, सकाळीच दाढी केलेली. त्या दुपारी रिकाम्या स्टँडवर बाकावर बसलेला, डोळे मिटून हसणारा, बिनमिशीचा माणूस त्याला दिसला, आणि तो माणूस त्याला पहिल्यांदाच बाहेरून दिसला. तिनं घोषणेच्या खोलीच्या काचेतून बघितलं असेल. बघितलं असेल आणि ओळखलं नसेल. तो घडी केलेल्या कपड्यांवरच बसला. यंत्राला मराठी येत नाही म्हणून तो आणि भाची किती हसले होते, आणि यंत्रानं मारू मारू मोजलंच नव्हतं. तिनंच ॲपवाल्यांना सांगितलं होतं. मला भीती वाटते, एवढं सरळ सांगितलं होतं. आणि त्यानं वीस उदाहरणं देऊन ती भीती खोटी पाडून घेतली होती, भाषातज्ज्ञांकडून.

नावाशेजारी हिरवा ठिपका लागला. ती आत्ता तिथं होती. म्हणजे त्याचाही ठिपका तिला दिसत असणार, पाच आठवड्यांनी अचानक लागलेला. त्यानं घाईघाईनं लिहायला घेतलं, माफ करा, मी फक्त तुमचा आवाज ऐकायला. ‘फक्त’वर तो अडला. खोडलं. तुमच्या काळजीपोटी, असं लिहिलं. खोडलं. मी तसा माणूस नाही. रात्रशाळेतल्या मुलीच्या भावालाही तो हेच म्हणाला होता, बंद दाराला. काय वाटेल ते लिहिलं तरी तिच्या हातातला फोन थरथरणार आणि ती दचकणार. म्हणजे पाचव्यांदा स्टँडवर जाणंच ते. आपल्याबद्दल तिनं वाईट समजू नये म्हणून तो पाच आठवडे धड जेवला नव्हता, आणि तिनं समजलं होतं ते सगळं बरोबर होतं. त्याला रडू आलं. तिच्यासाठी आलं की स्वतःसाठी, हे त्यानं शोधलं नाही. त्यानं लिहिलेलं पुसलं आणि कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. ब्लॉक करा. ॲपनं समजावलं की ह्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांना कधीच दिसणार नाही, आणि हा निर्णय मागं घेता येणार नाही. त्यानं होय दाबलं. मग ॲपनं कारण विचारलं. त्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. ही व्यक्ती मला त्रास देते. हिची ओळख खोटी आहे. मला हिची भीती वाटते. इतर. त्यानं इतर निवडलं. खाली एक चौकोन उघडला, थोडक्यात लिहा.

मी न सांगता तिच्या कामाच्या जागी गेलो होतो, असं त्यानं लिहिलं. थांबून पुढं लिहिलं: चार वेळा. आणि पाठवलं.

लगेच उत्तर आलं. कळवल्याबद्दल धन्यवाद. ही व्यक्ती आता तुम्हाला त्रास देऊ शकणार नाही.